कललेली होडी

वालचंदनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या गेणूआबांनी सहा वर्षं खपून लोखंडी होडी बांधली. उजनीतून निघायचं, भीमेतून कृष्णेत, कृष्णेतून थेट समुद्रात. वाटेतली धरणं उसाच्या ट्रॉलीवरून ओलांडायची. "मी न्हाय येणार," बायकोनं, सिंधुबाईनं बजावलं. "मग एकटा जाईन," आबांनीही ऐकवलं. निघायच्या दिवशी काठावर गाव लोटलं. निरोपाला थोडं, हसायला जास्त. सामान भरलं तशी होडी एका अंगाला कलली. "आबा, समुद्र ऱ्हाऊ द्या, हितलं जवळचं पळसदेव तरी गाठा!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. आबांनी तीनदा सामान हलवलं, होडी ऐकेना. शेवटी मेंढरांमागं गावोगाव फिरत वाढलेली सिंधुबाई पदर खोचून होडीत शिरली. "घोड्यावर बिऱ्हाड लादलंय का कधी?" डिझेलचे डबे डावीकडं सारून, पीठ उजवीकडं ठेवून ती स्वतः पिठाशेजारी बसली. होडी सरळ झाली. "आता उतर," आबा पुटपुटले. "उतरले तर पुन्यांदा कलंल. सोडा दावं."