गोल

टेप सुरू झाला तशा वर्गातल्या सात मुलांनी माना खाली घातल्या. ललितने एकट्याने मान वर केली.

स्पॅनिशची ऐकण्याची परीक्षा होती. टेपमधला माणूस एक उतारा तीनदा वाचणार आणि मुलांनी त्यावरच्या प्रश्नांची उत्तरं लिहायची. पुण्याहून आलेले परीक्षक टेबलाशी बसले होते. सुनंदा टिपणीस त्यांच्या पाठीमागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना ललितची काळजी मुळीच नव्हती; वर्गात सगळ्यात तयार तोच. बाकीचे सात जण सुरतेच्या कापडवाल्यांचे चिरंजीव. नापास झाले तरी वडिलांच्या गादीवर बसायला मोकळे. ललित धुडकू महाजन मात्र उधन्याच्या कामगार वस्तीतला. वयाच्या तेराव्या वर्षापासून लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, बारा तासांची पाळी करणारा. पास झाला तर पनामाला कापड पाठवणाऱ्या एका ऑफिसात त्याला घेणार होते. सुनंदाबाईंनी स्वतः शब्द टाकला होता. लूम एकदाचं सुटणार होतं.

तो त्यांना सापडला तो नाटकात. आठवडाभर कॉलेजात स्पॅनिश शिकवायचं आणि रविवारी सकाळी उधन्याला जाऊन तिथल्या पोरांचं नाटक बसवायचं, असा बाईंचा सहा वर्षांचा नेम होता. घरचे म्हणत, नसती उठाठेव. बाई ऐकत नसत. दहा-अकरा पोरं, सतरा ते वीस वयाची. बोलायची ती ओरडूनच. त्यांचा आवाज खाली आणता आणता बाईंचा घसा बसायचा. पण एक गोष्ट त्यांना शिकवावी लागली नव्हती. पहिल्याच दिवशी पोरं आपणहून गोल करून बसली. कुणी उशिरा आला तर सगळे सरकायचे आणि गोल पुन्हा पुरा करायचे. कुणाची पाठ कुणाकडे नसायची. बाईंना त्याचं फार कौतुक. बडोद्याच्या चर्चासत्रात त्यांनी या गोलावर निबंध वाचला होता. मोठा-लहान कुणी नाही, सगळे समान, असं बरंच काही त्यात होतं. टाळ्याही मिळाल्या होत्या.

एका रविवारी गंमत म्हणून त्यांनी स्पॅनिशमधलं एक वाक्य म्हटलं. ललितने त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं. बाई हरखल्या. फी माफ करून घेऊन त्याला वर्गात बसवलं. पहिल्या बाकावर, समोरासमोर. ओठ ताणून, जीभ दाखवून एकेक उच्चार त्या शिकवत आणि ललित तो टिपून घेई. वर्गासाठी टेप मंजूर झाला होता, पण तो वर्षभर प्राचार्यांच्या कपाटात कुलपात सुखरूप होता. परीक्षेसाठी म्हणून तो आज बाहेर निघाला.

पहिलं वाचन संपलं. सात पेनं चालत होती. ललितचा कागद कोरा होता. तो टेपच्या जाळीकडे बघत होता, तिथून काहीतरी बाहेर यायचं राहून गेल्यासारखा.

घाबरला असेल, बाईंना वाटलं.

दुसरं वाचन सुरू झालं. ललितची नजर जाळीवरून परीक्षकांच्या तोंडावर गेली. ते मिटलेलं होतं. मग ती बाईंच्या तोंडावर आली आणि तिथेच थांबली. वर्षभर तो असाच बघत आला होता. बाई त्याला एकाग्रता म्हणत. आता मात्र त्यांनी भिंतीची टेक सोडली.

वाचन संपलं. मध्ये दोन मिनिटांची विश्रांती होती. परीक्षकांची पाठ बाईंकडे होती. बाईंनी ओठ हलवले. आवाज अजिबात काढला नाही.

'ललित, तुला ऐकू येत नाही का?'

परीक्षेसाठी वर्गाच्या दुसऱ्या टोकाला बसवलेल्या ललितने मान हलवली. नाही.

तिसरं वाचन सुरू झालं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी कुणाला एक मार्क फुकट दिला नव्हता. आज त्या परीक्षकांच्या पाठीमागे ताठ उभ्या राहिल्या आणि टेपमधल्या माणसाबरोबर शब्दन् शब्द ओठांनी म्हणू लागल्या. एक बाई बाजारात जाते. मासळी घेते. छत्री विसरते. त्या थांबल्या नाहीत.

ललित बघत राहिला. मग त्याने पेनाला टोपण लावलं, कोरा कागद नीट घडी करून टेबलावर ठेवला आणि बाहेर गेला.

बाईंनी त्याला जिन्यापाशी गाठलं.

"लिहिलं का नाहीस? मी सांगत होते ना सगळं!"

"दिसत होतं मॅडम, सगळं समजलं," ललित नेहमीसारखा मोठ्याने म्हणाला. "पण ऑफिसात फोनच घ्यायचा आहे. फोनमधी कोण तोंड दाखवीन?"

बाईंना स्वतःची लाज वाटली. डोळे भरून आले म्हणून त्यांनी मान वळवली. मग लक्षात येऊन तशाच भरल्या डोळ्यांनी पुन्हा त्याच्याकडे तोंड केलं.

"खात्यातल्या आवाजानं झालं का रे हे?"

"हो. थोडं थोडं करून गेलं. खात्यात तर सगळे तोंडं पाहूनच बोलतात."

"मला सांगायचं होतंस. हळू बोल म्हणून मी वेड्यासारखी तुझ्यावर ओरडत राहिले. कुणाला माहीत आहे? आपल्या नाटकातल्या बाकीच्या पोरांना?"

ललितने त्यांच्याकडे जरा नवलाने पाहिलं. एवढी साधी गोष्ट मॅडमना ठाऊक नसावी, याचं त्याला नवल वाटलं असावं.

"त्यांना काय सांगायचं, मॅडम? सगळे खात्यातलेच. एकमेकांची तोंडं दिसायला पाहिजेत ना. म्हणून तर आम्ही गोल बसतो."