आज मैदानात परत नाही

"हात सोड गं, मला काही झालेलं नाही," कॅप्टन म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात." चिकटपट्टीनं तिचं मनगट आणखी घट्ट धरलं.

खेळ थांबला होता. बाकीच्या पोरी कमरेवर हात ठेवून मैदानाच्या कडेला, या दोघींकडेच बघत उभ्या होत्या. आणि चिकटपट्टीच्या अगदी पाठीला लागून मॅडम उभ्या होत्या. परीक्षक समोर असला तर निदान त्याचा चेहरा तरी दिसतो. मागे असला की नुसता श्वास ऐकू येतो.

पहिल्या वर्षी सरावाच्या नावाखाली तिनं होस्टेलमधल्या झाडून सगळ्या मुलींचे घोटे चिकटपट्टीनं बांधून काढले होते. तेव्हापासून ती चिकटपट्टी. आता शेवटचं वर्ष होतं. खेळाडूंच्या दुखापती सांभाळायलाही युनिव्हर्सिटीत चार वर्षं शिकावं लागतं, हे तिच्या वडिलांना अजून पटलेलं नव्हतं. "म्हणजे नक्की कोण होणार तू? डॉक्टर की मालीशवाली?" ते विचारत. आत्याचा निकाल तर केव्हाच लागला होता. "पाण्याची बाटली घेऊन पळणारी."

हसण्यावारी नेता आलं असतं, पण मागच्या महिन्यात तिनं घोळ घातला होता. डोकं आपटलेली एक मुलगी गयावया करायला लागली आणि हिचं मन विरघळलं. "जा, पण जपून," असं म्हणून तिनं तिला परत खेळायला सोडलं. थोड्या वेळानं ती मुलगी मैदानातच ओकली आणि कोसळली. नशीब बलवत्तर म्हणून वाचली. मॅडम ओरडल्या नाहीत. "पुन्हा असं झालं तर हे वर्ष पहिल्यापासून," एवढंच म्हणाल्या. आजच्या मॅचला तिची शेवटची परीक्षा होती.

म्हणून आज ती बधणार नव्हती.

मघाशी दोघी-तिघी एकाच बॉलवर तुटून पडल्या होत्या. धप्प आवाज आला, अगदी कानाशी आल्यासारखा. पुढच्या क्षणी कॅप्टन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलेली, चेहरा पांढराफटक.

"आपण कुठे आहोत?" चिकटपट्टीनं विचारलं.

"युनिव्हर्सिटीच्या मैदानावर."

"कितवा हाफ?"

"दुसरा."

"शेवटचा गोल कुणी केला?"

"मीच की."

चिकटपट्टीला तो गोल काही आठवेना. परीक्षेच्या धास्तीनं आज तिचं खेळाकडे लक्षच नव्हतं.

"आता पाच शब्द सांगते, ते लक्षात ठेव. कंगवा, लिंबू, दार, मोजा, साबण."

कॅप्टननं मॅडमकडे पाहिलं, मग तेच शब्द धडाधड म्हणून दाखवले. पाढे म्हणावेत तसे.

तेवढ्यात मागून मॅडमचा आवाज आला. "आणि तू सांग. सकाळी मैदानावर कशी आलीस?"

ही मॅडमची जुनी खोड. काम चालू असताना मध्येच भलतंच काहीतरी विचारून विद्यार्थ्याचा तोल जातो का बघायचं.

"चालत. नाही, नाही, बसनं."

"नक्की?"

"बसनं, मॅडम."

"हं."

या 'हं'चा अर्थ आजवर अख्ख्या कॉलेजला लागलेला नव्हता. चिकटपट्टीच्या मानेवरून गार ओघळ पाठीत उतरला. पोटात ढवळत होतं. परीक्षा म्हटली की तिचं हे नेहमीचंच. दहावीला तर ती भूमितीच्या पेपरआधी दोनदा ओकली होती.

तिनं कॅप्टनच्या डोळ्यांवर टॉर्च मारला. बाहुल्या सारख्या होत्या, पण डोळे भरून आले होते.

"सॉरी गं," कॅप्टन पुटपुटली.

"सॉरी कशाला? आणि रडतेस का?"

"उगाच."

उगाच रडू येणं. डोक्याला मार लागल्याचं आणखी एक लक्षण.

"चक्कर येतेय?"

"मला नाही."

हिनं उत्तरं आधीच पाठ केली असणार, चिकटपट्टीला वाटलं. खेळायला मिळावं म्हणून खेळाडू काय काय करतात! शब्दसुद्धा घोकून येतात. पण ती तरी काय कच्च्या गुरूची चेली होती?

"आता नवे शब्द देते," ती ठासून म्हणाली. "कंगवा, लिंबू, दार, मोजा, साबण."

 कॅप्टननं पुन्हा मॅडमकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"बघा मॅडम, आता नाही सांगता येत!" चिकटपट्टी म्हणाली. आवाज कापत होता, पण तिनं तो ओढूनताणून सरळ केला. मागच्या महिन्यातली ती मुलगी तिच्या डोळ्यांपुढे होती. "डोक्याला मार आहे. आज मैदानात परत नाही. कितीही हातापाया पडली तरी नाही. आधी हॉस्पिटल."

मागून मॅडम पुढे वाकल्या. मग तिच्या खांद्यावर हात पडला.

"अगदी बरोबर निर्णय," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "मी असते तर हेच केलं असतं."

चिकटपट्टीचा जीव भांड्यात पडला. वर्ष वाचलं. वडिलांना आज फोन करून सांगता येणार होतं. तिची पकड सैल झाली.

कॅप्टननं अलगद मनगट सोडवून घेतलं आणि उठली. "जाऊ मॅडम?"

"जा. खेळ सुरू करा."

कॅप्टन मागे वळून बघत बघत मैदानात पळाली. शिट्टी वाजली.

"मॅडम, तिला कसं सोडलंत?" चिकटपट्टी धडपडून उठायला गेली. पायांनी दगा दिला.

"बस, बस. उठायचं नाही." मॅडमनी तिला धरून खाली बसवलं. "गाडी फाटकाशी आलीये. तोवर ही बर्फाची पिशवी जरा तू धर. इथं, तुझ्या कानाच्या वर, बॉल लागला तिथं."