उसनी आठवण

प्रणालीने डोक्यावरचा, दुसऱ्याची आठवण अनुभवायला देणारा स्मरणटोप काढला. चोरीच्या वाटेला लागलेल्या पोरींना कैद्यांनी आपला गुन्हा असा आतून भोगायला द्यायचा, म्हणजे प्रणालीसारख्या पोरींना धडकी भरते, असं तुरुंगातल्या मॅडम सांगत. समोर बसलेल्या कैदी यमुनाबाईंनी तिला दिली होती मंगळसूत्र हिसकावल्याची आठवण.

“हात थरथरले, काळीज फाटलं, असं म्हणाला होतात ना मावशी?” प्रणालीचे डोळे चमकत होते. “तसं काहीच नव्हतं. मागे म्हातारी पडली, तरी पळताना कसलं भारी वाटत होतं तुम्हाला.”

यमुनाबाईंची मान खाली गेली. कोर्टापासून आजवर त्या सगळ्यांना हात थरथरल्याचंच सांगत आल्या होत्या, स्वतःलासुद्धा.

“परत एकदा घालू टोप?” प्रणालीने हळूच विचारलं.

नाही म्हणायला यमुनाबाईंना जरा उशीरच झाला.