लाल

“हे पुसा.”

चित्रावरचा झाकणाचा कागद पुरता उचललाही नव्हता, तोच इंद्रजीतनं बोट दाखवलं. चित्रात त्याची आई होती, चतुराबाई. कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

चित्र काढणाऱ्या मनस्विनीला वाटलं, रंग चुकला. “लाल फार भडक झालाय का?”

“लाल पाहिजेच कशाला? वडील जाऊन आठ महिने झाले, मॅडम. रविवारी नव्या घराची वास्तुशांत आहे. हॉलमध्ये हे लावलं तर पाहुणे काय म्हणतील?”

चतुराबाई दाराजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. सकाळीच गावाहून, पिशोरहून आल्या होत्या. पदर डोक्यावर, कपाळ मोकळं. पण मधोमध एक फिकट गोल अजून दिसत होता. त्यांच्याकडं इंद्रजीतनं पाहिलंही नाही.

“फोटो तुम्हीच दिलात,” मनस्विनी म्हणाली. “कुंकवाचा.”

“तेवढा एकच चांगला होता. मोबाईलमध्ये तर एका बोटानं निघतं.”

मनस्विनीच्या कानशिलात रक्त चढलं. एकवीस दिवस ती या चेहऱ्यासमोर बसली होती. आधी बारीक चौकोन आखून डोळे, नाक, ओठ जागेवर आणले. मग कातडीवर फिकट पिवळा, त्यावर नारिंगी, त्यावर तपकिरी. डोळ्यांखालच्या सावलीला चक्क निळा. सगळं हलक्या हातानं, थरावर थर. कुंकू मुद्दाम शेवटी ठेवलं. लाल दाबून भरला की कागदात मुरतो, परत निघत नाही.

“ही रंगीत पेन्सिल आहे,” ती म्हणाली. “खोडता येत नाही.”

“असं कसं येत नाही?” टेबलावरचं खोडरबर उचलून त्यानं दोनदा जोरात घासलं. कुंकू फिसकटलं. भुवईपर्यंत लाल फराटा गेला आणि अख्खं कपाळ गढूळ झालं.

“हात काढा!” मनस्विनी इतक्या जोरानं ओरडली, की खाली औरंगपुऱ्याच्या गल्लीत कुणीतरी मान वर करून पाहिलं. तिनं रबर हिसकावून घेतलं. ते चित्र टराटरा फाडून त्याच्या हातात द्यावं, असं तिला वाटलं.

चतुराबाई उठल्या. चित्रासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“इंद्या, कुणाचं पुसतो रे?”

“माय, तुलाच लोक नावं ठेवतील म्हणून...”

“तुझ्या बापानं आणलं नव्हतं ते. मी रांगत व्हते तवापासून माझी माय लावायची. तुझा बाप तर मला सोळाव्या वर्षी दिसला.”

“माय, हितं नको. घरी बोलू.”

“घरी?” त्यांचा आवाज चढला नाही, पण इंद्रजीत एक पाऊल मागं सरला. “त्या दिशी घरीच पुसलं बायांनी. तू समोर उभा व्हता. नको म्हणला नाय.”

त्याची नजर एकदा चित्रावर गेली, एकदा मनस्विनीवर. “गाडी काढतो,” असं पुटपुटत तो जिना उतरला.

मनस्विनीनं चित्र जवळ ओढलं. “मावशी, बघते मी. कपाळ पुन्हा...”

“कुठली ती पेन्सिल? द्या हिकडं.”

तिनं दिली. चतुराबाईंनी ती खुरप्यासारखी मुठीत धरली आणि त्या फिसकटलेल्या जागेवर टेकवली. एक गोल काढला. त्यावरून दुसरा, त्याहून मोठा. कागद चरचरत होता. मनस्विनीच्या ओठांवर ‘हळू’ आलं होतं, ते तिनं गिळलं.

खाली हॉर्न वाजला. मग लांबलचक वाजत राहिला.

तिसऱ्या गोलाला शिसं कट्‌कन मोडलं. चतुराबाईंनी चित्रावरची नजर न काढता पेन्सिल तिच्यापुढं धरली.

“टोक करून द्या.”