दारावरचा होकार

स्कॉटलंडने ब्रिटनपासून वेगळं व्हावं का, यावरचं सार्वमत तोंडावर आलं, तसं लुईस बेटावरच्या टॉर्किल आजोबांनी घरात बजावलं, "स्वतंत्र स्कॉटलंडला आपला होकार दारावर रंगवायचा, आणि तोही आपल्या गेलिक भाषेत. इंग्रजीचं एक अक्षर चालणार नाही." सोळाव्या वर्षीच मताचा हक्क मिळालेली त्यांची नात मार्साली ब्रश घेऊन टुणकन स्टुलावर चढली.

"आजोबा, नुसतं 'हो' लिहायचं ना? गेलिकमध्ये कसं लिहू?"

"सोप्पंय गं, लिही..." आजोबा अडखळले. "अगं, आपल्यात नुसतं 'हो' नसतंच. 'येशील का?' विचारलं की 'येईन' म्हणायचं. 'देशील का?' तर 'देईन'."

"मग 'देईन' लिहू?"

"लिही, लिही," कुंपणापलीकडून विरोधी गटातले मर्डो काका खिदळले. "सगळं गाव चहा मागायला येईल तुझ्या आजोबाकडे."

"आजोबा, लवकर सांगा ना. उद्या रविवार, देवाचा दिवस, कामाला बंदी. उद्या ब्रशला हात लावला तर पाद्रीबाबा घरी येतील रागवायला."


आजोबांनी तिच्या हातातून ब्रश घेतला आणि लंडनच्या तावडीतून सुटण्यासाठी लंडनचाच शब्द दारावर रंगवला: 'येस'.