घरात काय बोलता?

पोरगी शाळेत येऊन दीड वर्ष झालं, तरी तोंडातून शब्द नाही. आता तिला मतिमंदांच्या शाळेत धाडायचं ठरलं आणि बाईंनी तिच्या आईबापाला समोर बसवून फॉर्म भरायला घेतला.

"जन्मापासून मुकी आहे का?"

"मुकी कसली, बाई," रंगारी बाप म्हणाला. "तीन वर्षांची होती तेव्हा नुसती टकळी चालायची. शेजारी विचारायचे, हिचं बटण कुठंय?"

"मग गप्प कधीपासून झाली?"

"शाळेत घातल्यापासून."

बाईंच्या कपाळावर आठी पडली. "म्हणजे खापर आमच्यावरच? घरात बोलता तरी का तुम्ही तिच्याशी?"

बापाने खाली मान घालून बसलेल्या बायकोकडे पाहिलं. "मी दिवसभर कामावर. पोरीजवळ हीच असते. पण तुम्हीच पहिल्या दिवशी बजावलंत ना, घरात आपल्या बोलीतला चकार शब्द काढायचा नाही, शाळेच्या भाषेतच बोलायचं. हिला त्या भाषेतले चारच शब्द येतात. ये, जेव, ऊठ, झोप. दीड वर्ष ही पोरीशी तेवढंच बोलतेय. बाईंचा शब्द मोडायचा नाही म्हणते."

बाईंचा पेन जागीच थांबला. ही ताकीद त्या दरवर्षी प्रत्येक नव्या आईला देत आल्या होत्या, पोरांच्या भल्यासाठी.

हा यंदाचा तिसरा फॉर्म होता.