मिलोच्या अक्षता

अंजनाचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या वडिलांना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि दुष्काळाला दोन. वैशाख होता. सिरसाळ्यात नवरीच्या अंघोळीचं पाणी घराघरातून तांब्या तांब्यानं गोळा झालं. अक्षतांना तांदूळ नव्हता, ज्वारीही नव्हती. रेशनवर मिळणारी मिलो, अमेरिकेहून आलेली जाड ज्वारी, घेतली. ती मुळातच लाल. कुंकू वाचलं.

आता मुहूर्त जवळ आला होता. मांडवाच्या कडेनं रिकाम्या घागरी ओळीनं मांडल्या होत्या. टँकर कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून लोक लग्नालाही घागर घेऊनच आले होते.

परळीचा फोटोग्राफर सुग्रीव गळ्यात कॅमेरा अडकवून उभा होता. रोल कुठं मिळत नव्हते. होता त्यात शेवटचा एक फोटो उरला होता. तो राखून ठेवायला अंजनाचे चुलते मोहनराव यांनी बजावलं होतं.

"साखर कारखान्याचे चेअरमन येणार हायत. ते नवरा-नवरीच्या डोक्यावर हात ठिवतील तवा काढा. फोटो असला म्हंजी वळख राहती."

अंजना बोहल्याकडं जाता जाता सुग्रीवजवळ थांबली. "भाऊ, माझा आईसंग काढा की एक. तिचा एकबी फोटो न्हाई."

"काकाला विचार, बाई."

विचारण्यात अर्थ नव्हता. तिची आई भामाबाई दाराआड उभी होती. सकाळीच मोहनराव तिला म्हणाले होते, "वहिनी, अक्षता पडूस्तवर तुमी आतच ऱ्हावा. पोरीच्या बऱ्यासाठी म्हणतो." रागानं म्हणाले नव्हते. विधवेनं मांडवात यायचं नाही, अशी रीत होती. भामाबाईंनी मान हलवली. मग चौकटीला धरून जेवढं दिसेल तेवढं बघत राहिल्या.

मंगलाष्टकं सुरू झाली. दुसरं संपलं आणि वेशीकडं हॉर्न वाजला. चेअरमनची जीप आली होती. तिच्यामागं टँकर होता. चेअरमननी लग्नघरासाठी म्हणून सोबतच आणला होता.

एका बाईनं घागर उचलली. त्यासरशी मांडव उठला. नवरदेवाची करवली गेली, नवरीचा मामा गेला, आंतरपाट धरणारे दोघं गेले.

"अरे, लग्न लागू द्या की!" गुरुजी ओरडले.

"मुहूर्त थांबंल गुरुजी, टँकर थांबायचा न्हाई!" कोणीतरी पळता पळता म्हणालं.

मोहनराव हार घेऊन जीपकडं धावले. तिथून त्यांनी हाक दिली, "ओ सुग्रीव, पळत या!"

सुग्रीव निघाला. मांडवाच्या टोकापर्यंत गेला आणि वळून बघितलं.

गुरुजींनी आंतरपाटाचं एक टोक मेढीला बांधलं होतं, दुसरं स्वतः धरलं होतं. त्यांचं शेवटचं मंगलाष्टक चाललं होतं. नवरदेव उत्तरेश्वर आणि अंजना हार घेऊन उभे होते. अक्षता टाकायला मांडवात माणूस नव्हतं.

भामाबाई दारातून बाहेर आल्या. परातीतली मूठभर मिलो घेतली आणि तिथंच थबकल्या.

गुरुजी म्हणाले, "टाका, बाई. न्हाई म्हणायला हाय कोण हितं?"

आंतरपाट खाली आला. भामाबाईंनी हात वर केला. सुग्रीवनं बटण दाबलं.

आठवड्यानं मोहनराव सुग्रीवच्या दुकानात आले. फोटो बघून त्यांचा चेहरा उतरला. "चेअरमन कुठं हायत ह्यात? रिकामा मांडव दिसतोय नुसता. काय म्हणतील लोकं, लग्नाला कुत्रंबी आलं न्हाई?" फोटो तिथंच टाकून ते निघून गेले. सुग्रीवनं तो दुकानाच्या काचेत लावला. वैशाखाचं ऊन, एक बाई, हात वर, आणि हवेत दाणे. रस्त्यानं जाणारे थांबून बघत.

ज्येष्ठ सरता सरता मोहनराव परत आले. टोपी हातात होती. काचेतल्या फोटोवर बोट ठेवलं.

"वहिनी तेवढी मोठी करून द्या."

"एकटीच काढली तर हात वर कावून हाय, ते कळायचं न्हाई. हात कापून छातीपर्यंतच करू का?"

"न्हाई," मोहनराव म्हणाले. "हात राहू द्या."

ती तसबीर अजून त्या घरात आहे. पुढं पाऊसपाणी झालं, अक्षतांना तांदूळ आला, मोहनरावांच्या पोरींची लग्नं झाली, मग नातींची. दर लग्नाला मोहनराव तसबीर स्वतः उचलून मांडवात नवरीसमोर ठेवत. पहिल्या अक्षता भामाबाईंच्या पडू द्यायच्या, मग बाकीच्यांनी टाकायच्या.

भामाबाई त्याच साली, त्र्याहत्तरच्या ज्येष्ठात, दुष्काळी कामावर खडी फोडताना वारल्या.